तोडणीचा दिवस कोणी ठरवायचा?

(तळोदा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तळोद्यात द्राक्षावर व्याख्यान म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांना प्रश्न पडला असेल. आपल्याकडे ऊस, केळी, पपई, कापूस आणि मिरची. द्राक्ष म्हटले की नाशिक, सांगली, सोलापूर. त्यातही वाईनचे द्राक्ष म्हणजे आपल्यापासून आणखीच लांब. मग हा विषय येथे कशासाठी?

त्याची कारणे दोन. पहिले असे, की ठिबक आणि पाण्याची सोय झालेले तरुण शेतकरी नवीन पीक शोधत असतात, आणि 'वाईनची द्राक्षे लावू का?' हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर मी आज देणार आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पीक तयार झाले की नाही हे ठरवण्याची जी शिस्त वाईनच्या बागेत पाळली जाते, ती आपल्या उसाला आणि पपईलाही लागू पडते. वर्षभर आपण राबतो. बेणे, खत, पाणी, फवारणी यांचा हिशेब ठेवतो. पण तोडणी कधी करायची हा शेवटचा निर्णय मात्र बहुतेक वेळा मुकादमावर, व्यापाऱ्यावर किंवा गाडी कधी मिळते यावर सोडून देतो. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या एका निर्णयावर ठरते, म्हणून आज तेवढ्यावरच बोलू.

वाईनचे द्राक्ष वेगळे कसे?

आपण बाजारातून आणतो ती थॉमसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश ही खाण्याची द्राक्षे. मणी लांब, टपोरा, बिनबियांचा आणि कुरकुरीत हवा, म्हणून बागाईतदार जिबरेलिक आम्लाचा वापर करतो, विरळणी करतो, मण्याची फुगवण करतो. वाईनच्या द्राक्षात याच्या उलट असते. मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो. वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा बहुतांशी सालीतून येतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. त्यामुळे येथे मणी फुगवण्याला अर्थ नसतो, आणि वेलीवर घडांची गर्दीही ठेवत नाहीत.

पांढऱ्या वाईनसाठी सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, तर लाल वाईनसाठी काबर्ने सॉव्हिन्यॉ, शिराझ, मर्लो, झिन्फांडेल अशा जाती महाराष्ट्रात लावल्या जातात. नारायणगाव येथे १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी या धंद्याची पायाभरणी केली. पुढे नाशिकजवळ राजीव सामंत यांनी उभारलेल्या वाईनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. द्राक्षावरील संशोधनासाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे.

आता एक फरक नीट लक्षात घ्या. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्या वेळी तिकडे उन्हाळा ओसरत असतो, रात्री गार होत जातात आणि मणी सावकाश पिकतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. फळ तयार होते जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे थंडी संपून ऊन तापू लागते तेव्हा. तिकडे दिवसेंदिवस थंडी वाढत असताना तोडणी होते, इकडे दिवसेंदिवस उष्मा वाढत असताना. उष्म्यात गोडी भराभर चढते आणि आंबटपणा भराभर उतरतो. योग्य तोडणीचा काळ त्यामुळे आपल्याकडे आखूड असतो. चार दिवस इकडेतिकडे झाले तरी माल बदलतो. वाईनरीचा तज्ज्ञ, ज्याला वाईनमेकर म्हणतात, तोडणीच्या आधी तीन आठवडे बागेत खेपा घालतो तो याचसाठी.

तो बागेत काय पाहतो?

मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरू लागला, की त्याच्या फेऱ्या सुरू होतात. पहिल्यांदा आठवड्यातून एकदा, पुढे दोनदा, आणि तोडणी जवळ आली की एक दिवसाआड. या फेऱ्यांत तो पाच गोष्टी तपासतो.

१. नमुना. समोर दिसेल तो गोड घड तोडून चाखायचा, हा नमुना नव्हे. बांधाकडच्या ओळी आणि ओळीच्या टोकाचे वेल सोडून द्यायचे. बाकीच्या बागेतून आडवेतिडवे चालत शंभर ते दोनशे मणी गोळा करायचे. काही उन्हाच्या बाजूचे, काही सावलीचे. काही घडाच्या वरच्या भागातले, काही मधले, काही शेंड्याचे. घडाचा खांद्याकडचा मणी आणि शेंड्याचा मणी यांच्या गोडीत फरक असतो, आणि उन्हातल्या व सावलीतल्या मण्यांतही असतो. नमुना दर वेळी सकाळच्या एकाच सुमारास घ्यायचा. हलक्या आणि भारी जमिनीचे तुकडे एकाच बागेत असतील तर प्रत्येकाचा नमुना वेगळा ठेवायचा.

२. गोडी. गोळा केलेले मणी पिशवीत चुरडून रस एकत्र करतात आणि त्याचे दोन थेंब हातातल्या ब्रिक्समापकावर टाकतात. रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात ते हेच उपकरण, दुर्बिणीच्या नळीसारखे. डोळ्याला लावून उजेडाकडे धरले की आकडा दिसतो. एक ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे एक ग्रॅम साखर. पांढऱ्या वाईनसाठी साधारण २० ते २२ आणि लाल वाईनसाठी २३ ते २४ ब्रिक्स धरतात. फसफसणाऱ्या वाईनची द्राक्षे याहून आधी, १८-१९ ब्रिक्सच्या सुमारास तोडतात. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते, म्हणून गोडीच्या आकड्याला एवढे महत्त्व.

३. आंबटपणा. नुसती गोडी पाहून तोडणी ठरवली तर वाईन सपक होते आणि टिकत नाही. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. मॅलिक आम्ल उष्म्यात झपाट्याने कमी होते, आणि रात्रीही गरम असतील तर आणखी लवकर. वाईनरीच्या प्रयोगशाळेत रसाचा सामू मोजतात. पांढऱ्यासाठी तो ३.२ ते ३.४ आणि लालसाठी ३.४ ते ३.६ च्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते. पालाश वाजवीपेक्षा जास्त दिलेल्या बागेत रसाचा सामू वाढतो, हेही लक्षात ठेवा. खताच्या मात्रेचा परिणाम असा शेवटी बाटलीपर्यंत पोचतो.

४. बी, साल आणि देठ. मणी तोंडात टाकून तो नुसता गिळत नाहीत. बी बाहेर काढून पाहतात. हिरवट बी म्हणजे मणी कच्चा. तपकिरी झालेले, दाताखाली कडकन फुटणारे बी म्हणजे मणी पक्व. साल चावून पाहतात, तिचा हिरवा तुरटपणा गेला की नाही ते कळते. काबर्ने सॉव्हिन्यॉ कच्चे असेल तर त्याला ढोबळ्या मिरचीसारखा वास येतो. ब्रिक्समापकाचा आकडा पुरा झाला तरी हा वास राहिलेला असू शकतो, म्हणून यंत्राबरोबर जीभही कामाला लावतात.

५. शंभर मण्यांचे वजन. ही गोष्ट बागाईतदार सहसा करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी हीच आहे. दर नमुन्यातले शंभर मणी मोजून त्यांचे वजन लिहून ठेवावे. गोडी वाढली आणि वजन टिकून राहिले, तर मण्यात खरोखर साखर भरते आहे. गोडी वाढली पण वजन घटले, तर मणी सुकतो आहे आणि पाणी उडाल्यामुळे आकडा फुगला आहे. पावसानंतर गोडी उतरली आणि वजन वाढले, तर मण्याने पाणी ओढले आहे आणि थांबले पाहिजे. वही, पेन आणि लहान तराजू एवढ्यावर हे काम होते.

आभाळाचा हिशेब

बाग तयार होत असताना दुसरी नजर आभाळाकडे ठेवावी लागते. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्या भागात कोरडे दिवस अशी आपली समजूत असते. पण २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट तुम्ही विसरला नसाल. त्यात रब्बीची पिके आणि फळबागा झोपल्या. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात गारा पडल्या, तेव्हा द्राक्षाच्या बागा ऐन नाजूक अवस्थेत होत्या. हातातोंडाशी आलेला घास एका तासात जातो.

तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर तीन प्रकारे नुकसान होते. मुळे आणि साल पाणी ओढून घेतात आणि गोडी पातळ होते. कोरड्या बागेला एकदम पाणी मिळाल्याने मणी तडकतात. तडकलेल्या मण्यावर बुरशी आणि आंबवण येते, माश्या घोंघावतात आणि चांगले घडही बिघडतात. नुसते ढगाळ, दमट वातावरण असले तरी भुरीचे डोके वर निघते.

अशा वेळी वाईनमेकरपुढे दोन वाटा असतात. पावसाचा अंदाज आहे आणि माल जवळपास तयार आहे, तर एक-दीड ब्रिक्स कमी असतानाच तोडणी उरकायची. किंवा पाऊस होऊ द्यायचा, मग तीन-चार कोरडे दिवस जाऊ द्यायचे, पुन्हा नमुना घ्यायचा आणि मग तोडायचे. पहिल्या वाटेत माल थोडा कच्चा मिळतो, दुसऱ्या वाटेत तो कुजण्याचा धोका असतो. कोणती वाट धरायची हे जातीवर ठरते. पातळ सालीच्या आणि घट्ट घडाच्या जातीत थांबणे धोक्याचे असते. जाड सालीचा, मोकळ्या घडाचा काबर्ने सॉव्हिन्यॉ थोडी कळ सोसतो. घडाभोवतीची जुनी पाने आधीच काढलेली असतील तर हवा खेळते आणि पावसाचे पाणी लवकर सुकते. हे काम ढग दिसल्यावर करण्याचे नव्हे, महिनाभर आधी करण्याचे आहे.

हवामानाचा अंदाज आता हाताशी आहे. भारतीय हवामान विभागाचे मेघदूत अ‍ॅप आहे, कृषी हवामान सल्ला पत्रिका निघतात, आणि महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे आहेत. मात्र अंदाज वाचताना एक सवय लावून घ्यावी. पाऊस येणार की नाही एवढेच पाहू नये. रात्रीचे तापमान, हवेतली आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग हेही पाहावे आणि आपल्या नमुन्याच्या वहीत त्याच ओळीत लिहावे. दोन हंगामांची अशी वही झाली, की अंदाजापेक्षाही ती वही तुम्हाला जास्त सांगेल.

थांबण्याची किंमत कोण देणार?

आता मूळ मुद्द्यावर येतो. वाईनमेकरला माल पूर्ण पिकलेला हवा असतो. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. या दोघांचे हित शेवटच्या दहा दिवसांत एकमेकांच्या विरुद्ध जाऊ लागते.

एक ढोबळ हिशेब करू. साल, बी आणि देठ बाजूला ठेवा. समजा शंभर क्विंटल माल २२ ब्रिक्सला तयार आहे. म्हणजे त्यात २२ क्विंटल साखर आहे. वाईनरी म्हणाली, '२४ ब्रिक्स होऊ द्या.' या काळात मण्यात नवी साखर आली नाही आणि फक्त पाणी उडून आकडा २४ झाला, तर साखर तितकीच, २२ क्विंटल. पण माल उरेल सुमारे ९२ क्विंटल. आठ क्विंटल वजन हवेत गेले. पूर्वीइतकेच पैसे हातात यायचे असतील तर भाव सुमारे नऊ टक्क्यांनी वाढवून मिळाला पाहिजे. तेवढा वाढवून मिळत नसेल, तर थांबण्याची किंमत शेतकऱ्याने आपल्या खिशातून दिली असे होते. मध्येच पाऊस आला तर तो धोकाही त्यानेच सोसला.

याचा अर्थ लवकर तोडून मोकळे व्हावे असा नाही. कच्च्या मालाची वाईन चांगली होत नाही, आणि वाईन खपली नाही तर पुढच्या वर्षी तुमचा मालही खपत नाही. अर्थ एवढाच, की करारात भाव ब्रिक्सच्या टप्प्यांनुसार लिहिलेला असावा. किती ब्रिक्सला किती भाव, नमुना कोणी आणि कोणासमोर घ्यायचा, वाईनरीने ठरवलेल्या तारखेनंतर उशीर झाला तर घट कोणाची, आणि पावसाने आकडा उतरला तर काय, या चार गोष्टी कागदावर हव्यात. आणि तुमच्या हातात तुमचे स्वतःचे मोजमाप हवे. ज्याच्याजवळ आकडा नाही त्याला समोरच्याचा आकडा मान्य करावा लागतो.

फवारणी आणि तोडणी

तोडणीच्या आधी कोणते औषध किती दिवसांपूर्वी बंद करायचे, याला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ म्हणतात. तो औषधाच्या वेष्टनावर दिलेला असतो आणि तो पाळलाच पाहिजे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे महाराष्ट्राच्या द्राक्षाची युरोपातील निर्यात अडचणीत आली होती. ती खाण्याची द्राक्षे होती, पण धडा सर्वांसाठी एकच आहे.

वाईनच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. तोडणीच्या जवळ गंधक फवारले आणि ते मण्यावर राहिले, तर आंबवताना वाईनला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तांबेयुक्त औषधाचे अंश जास्त असतील तर यीस्टचे काम मंदावते. म्हणून भुरी आणि केवड्याचा बंदोबस्त आधीच्या अवस्थेत करावा आणि शेवटचे आठवडे मोकळे ठेवावेत. फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा त्याच वहीत लिहावी.

पाण्याचेही तसेच. मण्यात पाणी उतरल्यानंतर पाणी हळूहळू कमी करतात. पण पाने पिवळी पडून गळेपर्यंत ताण देऊ नये. पानेच गेली तर साखर बनवणार कोण? ताण बेताचा आणि सारखा असावा. आज कोरडे, उद्या भरपूर, असे केल्यास मणी तडकतो.

तोडणीचा दिवस

दिवस ठरला की तोडणी पहाटे सुरू करतात आणि ऊन तापण्याआधी थांबवतात. काही ठिकाणी रात्री दिव्यांच्या उजेडात तोडणी होते. थंड मण्यात वास टिकतो आणि आंबवण आपोआप सुरू होत नाही. माल लहान प्लॅस्टिक क्रेटमध्ये उथळ भरतात, म्हणजे खालचे घड वरच्यांच्या ओझ्याने फुटत नाहीत. कुजलेले, सुकलेले आणि भुरीचे घड बागेतच बाजूला काढतात. भरलेले क्रेट सावलीत ठेवून त्याच सकाळी वाईनरीत पोचवतात. पंधरा दिवसांची काळजी आणि पहाटेची घाई यांचा फायदा दुपारच्या उन्हात उभ्या राहिलेल्या एका ट्रॅक्टरने वाया जाऊ शकतो.

तळोद्यात वाईनची द्राक्षे लावावीत का?

आता दिलेल्या शब्दाप्रमाणे सरळ उत्तर. आपल्या सपाटीच्या भागात ती लावण्याची शिफारस मी करणार नाही.

पहिले कारण हवामानाचे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. तापी खोऱ्यातला आपला सपाट भाग त्याच्या कितीतरी खाली. आपल्याकडे ऊन लवकर तापते आणि रात्रीचा गारवा लवकर संपतो. म्हणजे गोडी आणि आंबटपणा यांचा जो मेळ वाईनला हवा असतो, तो साधण्याचा काळ आणखी आखूड. वर सातपुड्यात तोरणमाळकडे किंवा डाबकडे गारवा आहे. डाब परिसरात आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात हे तुम्ही ऐकले असेल. पण कडक थंडीत तेथे दवबिंदू गोठतात, आणि भरलेले क्रेट घाटातून उतरवून वाईनरीपर्यंत त्याच सकाळी नेणे शक्य नाही.

दुसरे कारण बाजाराचे, आणि ते मला अधिक मोठे वाटते. खाण्याचे द्राक्ष वाईनरीने घेतले नाही तरी बाजार समितीत विकता येते, बेदाणा करता येतो. वाईनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे. त्याला वाईनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. २००८-०९ मध्ये जागतिक मंदी आली, वाईनची मागणी घसरली, साठे पडून राहिले, आणि नाशिक व पुणे भागातल्या कित्येक शेतकऱ्यांचा माल उचललाच गेला नाही. मांडव, ठिबक आणि कलमांवर खर्च करून उभ्या केलेल्या बागा त्यांना उपटाव्या लागल्या. काहींनी त्याच वेलींवर खाण्याच्या जातींची कलमे केली. पुढे धंदा सावरला, पण उपटलेली बाग परत आली नाही. खरेदीदार एकच असलेले पीक लावण्याआधी खरेदीदाराची ताकद आणि करार या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. जमिनीचा नमुना तपासतो तितक्याच काळजीने.

मग घेऊन काय जायचे?

द्राक्ष नको असेल तर नको, पण तोडणी ठरवण्याची रीत घेऊन जा.

उसाचेच पाहा. वाईनमेकरच्या हातातले उपकरण आणि साखर कारखान्याच्या ऊसविकास कर्मचाऱ्याच्या हातातले उपकरण एकच आहे. उसाच्या खालच्या आणि शेंड्याकडच्या कांड्यांतला रस वेगवेगळा मोजावा. खाली आकडा जास्त आणि वर बराच कमी, तर ऊस कच्चा. वरचा आणि खालचा आकडा जवळजवळ सारखा झाला आणि ब्रिक्स २१ च्या वर गेला, की ऊस पक्व समजावा. शेंड्याचा आकडा खालच्यापेक्षा वर चढू लागला, तर ऊस जुना होऊन साखर मोडू लागली आहे. तोडणीपूर्वी पाणी तोडावे, आणि तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला जाईल असे पाहावे. उशीर झाला की वजनही घटते आणि साखरही.

तुम्ही म्हणाल, उसाचा भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, माझ्या एकट्याच्या ब्रिक्सला कोण विचारतो? बरोबर आहे. पण सरासरी तुमच्या-आमच्या उसाचीच असते. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेबरोबर पक्वतेवरही आखावा, अशी मागणी वार्षिक सभेत करायची असेल, तर गावातल्या वीस शेतांचे आकडे घेऊन उभे राहा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांची वही जास्त बोलते.

पपईलाही तेच तत्त्व लागू आहे. फळाच्या टोकाला पिवळा पट्टा दिसू लागला आणि साल टोचल्यावर येणारा दुधट चीक पाण्यासारखा पातळ झाला, की फळ तोडणीला आले. त्याआधी तोडलेले फळ रंगते, पण गोड होत नाही. व्यापाऱ्याची गाडी उद्या आहे म्हणून आज कच्ची तोडणी केली तर उत्तरेतल्या बाजारात तळोदा-शहादा पट्ट्यातल्या पपईचे नाव खराब होते आणि त्याचा फटका सगळ्यांच्या भावाला बसतो. डोंगरात मोह वेचणाऱ्या आपल्या भगिनी मार्च-एप्रिलमध्ये आभाळ पाहून फुले वाळवायला घालतात. ढग आले की सगळी फुले घरात. ही नजर आपल्याकडे आहेच. तिच्या जोडीला मोजमाप हवे, एवढेच.

शेवटी थोडक्यात सांगतो.

१. तोडणीच्या आधी तीन आठवडे नमुने घेण्यास सुरुवात करावी. नमुना साऱ्या शेतातून आणि एकाच वेळेला घ्यावा.

२. चार-पाच शेतकऱ्यांत मिळून एक ब्रिक्समापक घ्यावा. वापरण्यापूर्वी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून आकडा शून्यावर आणावा.

३. गोडीबरोबर वजनही लिहावे. नुसता आकडा वाढला म्हणून हुरळून जाऊ नये.

४. पाऊस, आर्द्रता आणि रात्रीचे तापमान यांची नोंद त्याच वहीत ठेवावी.

५. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा.

६. खरेदीदाराशी करार लेखी असावा आणि थांबण्याची किंमत कोणाची हे त्यात लिहिलेले असावे.

पीक आपले, जमीन आपली, कष्ट आपले. मग तोडणीच्या दिवसाचा निर्णयही आपल्याच वहीतून निघाला पाहिजे. येत्या हंगामात गावातल्या एका तरी शेतात ही वही सुरू करा. आकडे घेऊन पुन्हा भेटा, त्यावर आपण सविस्तर बोलू.